तेलकाकांचे अर्धे व्हिडिओ

बिघडलेलं शिलाई मशीन घेऊन येणारा माणूस कधीच खरं बोलत नाही. "मी हातसुद्धा लावला नाही, आपोआप बंद पडलं," असं तो म्हणतो. तेलकाकांनी हे वाक्य पस्तीस वर्षं ऐकलं. ऐकताना त्यांचा चेहरा भिंतीसारखा व्हायचा. मग ते मशीनवर तळहात ठेवायचे, चाक हळूच आपल्याकडे फिरवायचे, कान जवळ न्यायचे आणि विचारायचे, "तेल कधी घातलं होतं?" समोरचा माणूस छताकडे बघून आठवायला लागायचा. छताकडे बघितलं की समजायचं, तेल घातलेलंच नाही.

या एका प्रश्नापायी त्यांचं नाव तेलकाका पडलं. कागदोपत्री दुसरं नाव होतं, पण ते फक्त विजेचं बिल आलं की उच्चारलं जायचं.

दोन गल्ल्या जिथे एकमेकींना धडकतात त्या कोपऱ्यावर त्यांचं दुकान. सहा पावलं लांब, चार पावलं रुंद. भिंतीवर खिळे, खिळ्यांना पट्टे लटकलेले, फळीवर काचेच्या बरण्या आणि बरण्यांत मुंगीएवढ्या स्क्रूपासून अंगठ्याएवढ्या बोल्टपर्यंत सगळी प्रजा. सकाळी उन्हाची एक तिरीप आत यायची आणि या बरण्यांवरून एकेक करत सरकत जायची, जणू कुणी मोजणी करतंय. खुर्ची एकच होती आणि ती गिऱ्हाइकाची. काका स्वतः लाकडी पेटीवर बसायचे.

त्यांची कामाची एक रीत होती. उघडलेलं मशीन उघडं टाकून ते उठायचे नाहीत. जेवणाची हाक आली तरी नाही, पाहुणा आला तरी नाही. सगळे भाग परत बसले, चिंधीवर हातभर शिवण मारली, गिऱ्हाइकाने ती दोन्ही हातांनी ओढून बघितली, की मगच काका पाठ सरळ करायचे. काकूंनी या रीतीपायी पस्तीस वर्षं भाजी दोनदा गरम केली. त्याबद्दल त्या काकांना जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता दुकान म्हटलं तर काकांचं, म्हटलं तर दोघा भावांचं. वडिलांच्या मागे कोपरा दोघांच्या नावावर झाला होता. थोरल्या दादांचं बाजारात तयार कपड्यांचं तीन मजली दुकान होतं, काचेचं, आत थंडगार, दारात बिनडोक्याचे पुतळे. एक दिवस दादा आले, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "अरे, आता शिवतं कोण? फाटलं की लोक टाकतात. टाकलं की माझ्याकडे येतात. मला माल ठेवायला जागा नाही, आणि तू इथे बसून माश्या मोजतोस."

"माश्या नाहीत दादा. तेलाला माशी बसत नाही."

"बघ, तीसुद्धा येत नाही." दादा उठले. "तीन महिने देतो. मी येईन त्या दिवशी दुकानात माणसं दिसली तर हा कोपरा तुझा, मी परत शब्द काढणार नाही. नाही दिसली तर गोदाम."

दादा एकदा बोलले की बोलले. लहानपणी "हा पतंग माझा" म्हणाले होते, तो पतंग अजून त्यांच्या माळ्यावर आहे.

काकांनी ही गोष्ट घरी सांगितली. काकूंनी ती लेकीला सांगितली, लेकीने नवऱ्याला, आणि इथून पुढे काकांच्या आयुष्यात जावई शिरले. जावई म्हणजे कॉम्प्युटरवर काम करणारा माणूस. नक्की काय करतात हे सासरी कुणी विचारत नसे. एकदा विचारलं होतं तेव्हा चहा थंड होईपर्यंत उत्तर चाललं होतं.

"बाबा, काळजी करू नका," जावई म्हणाले. "तुमचा प्रॉब्लेम एवढाच आहे की तुम्ही कुणाला दिसत नाही."

काका सकाळी नऊपासून रस्त्याकडे तोंड करून बसलेले असत. पण जावयापुढे काय बोलणार?

आठवड्यात वेबसाइट तयार झाली. वरती एक परदेशी बाई मशीनपुढे बसून हसत होती. मशीनपुढे बसून हसणारी बाई काकांनी जन्मात पाहिली नव्हती. खाली 'आमची टीम' असं लिहून तीन फोटो होते: काका समोरून, काका बाजूने, आणि काकांचे नुसते हात. त्याखाली दुकानाचा पत्ता आणि एक रकाना, 'आपला नंबर द्या, आमची टीम संपर्क करेल.'

पहिल्या आठवड्यात वेबसाइटला चार भेटी झाल्या. एक लेक, एक काकू, एक जावई, आणि चौथे पुन्हा जावईच, पण ऑफिसमधून.

"लोकांना वेबसाइटवर आणायचं तर व्हिडिओ करायला हवेत," जावयांनी निदान केलं. "साधे. फोनवर. तुम्ही काम करायचं आणि बोलायचं."

"काम करताना मी बोलत नाही."

"आता बोला."

फोन धरायचं काम काकूंकडे आलं. काकूंचा हात स्थिर होता, पण अंगठा मोठा होता आणि तो प्रत्येक व्हिडिओत उजव्या कोपऱ्यात पाहुण्यासारखा बसलेला असे. काका पहिल्यांदा फोनपुढे बसले तेव्हा त्यांनी केस विंचरले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि पहिली दोन मिनिटं कुणीतरी आत येण्याची वाट बघितली.

"अहो, बोला की!" अंगठ्यामागून आवाज आला.

"कुणाशी?"

"फोनशी!"

"फोनने तेल कधी घातलं होतं?" काकांनी विचारलं, आणि काकू हसल्या तसा फोन हलला. जावयांनी तो भाग तसाच ठेवला. व्हिडिओ अकरा मिनिटांचा झाला. त्यातली चार मिनिटं तेलावर होती. उरलेल्या सातांत काकांनी दाखवलं की टाका सुटत असेल तर दहांतल्या आठ वेळा मशीन बिघडलेलं नसतं, सुई उलटी बसवलेली असते. सपाट बाजू कुठे, खोबण कुठे, सगळं अगदी डोळ्यांपुढे धरून सांगितलं. शेवटी सवयीप्रमाणे शिवण मारली आणि चिंधी फोनपुढे धरली. "ओढून बघा," म्हणाले.

लोकांनी व्हिडिओ पाहिला. हजारो लोकांनी पाहिला. काकांनी आणखी सहा केले: दोरा का तुटतो, पट्टा का घसरतो, कापड पुढे का सरकत नाही. खाली माणसं लिहीत होती, 'धन्यवाद काका, दोन वर्षं बंद होतं, आज चालू झालं.' 'काका, तुमच्यामुळे मेकॅनिककडे जावं लागलं नाही.' 'अंगठा कुणाचा आहे?'

वेबसाइटवर मात्र कुणी फिरकलं नाही. कशाला फिरकेल? मशीन तर चालू झालं होतं.

त्याहून पुढची गंमत म्हणजे होती नव्हती ती गिऱ्हाइकंही गेली. समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या एक बाई होत्या. महिन्यातून एकदा त्यांचं मशीन रुसायचं आणि काका वर जायचे. त्यांनी खिडकीतून हात हलवला. "काका, आता यायचं काम नाही हं! तुमचा व्हिडिओ बघितला, मीच केलं!"

"वा, वा," काका खालून म्हणाले, आणि त्यांना खरंच आनंद झाला. अर्ध्या तासाने त्या आनंदाचा अर्थ लक्षात आला तेव्हा ते पेटीवर बसले ते दुपारपर्यंत.

दोन महिने असे गेले. रविवारी जावई आले, पुढच्या खोलीतल्या सोफ्यावर बसले आणि त्यांनी हातात चहा घेऊन विषय काढला.

"बाबा, तुम्ही माणसाला बरं करून घरी पाठवताय."

"मग? आजारी ठेवून पाठवू?"

"अर्धं सांगायचं. बॉबिन केस काढली, दोन स्क्रू काढले, रिंग काढली, शटल हातात घेतलं. इथे म्हणायचं, 'आता खरी मेख पुढे आहे,' आणि थांबायचं. पुढचं बघायला वेबसाइटवर या."

"आणि मशीन?"

"कुठलं मशीन?"

"उघडलेलं."

"बाबा, थांबवायचाय तो व्हिडिओ. मशीन नाही."

"मशीन उघडं टाकून मी कधी उठलो नाही, जावईबापू."

"जेवायला तरी उठत जा," काकू आतून म्हणाल्या.

दादांचा दिवस महिन्यावर आला होता. कोपरा गेला तर बरण्या कुठे जातील, पट्टे कुठे लटकतील, आणि सकाळी नऊला आपण घरात बसून कुणाकडे बघायचं, असं काहीबाही काकांच्या डोक्यात चाक फिरल्यासारखं फिरत होतं. शेवटी ते म्हणाले, "कुठे थांबवायचं ते तुम्ही ठरवा." माणूस आपली चूक दुसऱ्याच्या हाताने करून घेतो तेव्हा आवाज असाच साधा निघतो.

व्हिडिओ झाला. काकांनी शटल, म्हणजे सुईखाली फिरून टाका गुंफणारा अर्धचंद्र, काढून तळहातावर घेतलं, मेख पुढे आहे म्हणाले, काकूंनी फोन बंद केला. फोन बंद झाल्यावर काकांनी ते मशीन नीट बसवलं, शिवण मारली, चिंधी स्वतःच ओढून बघितली आणि शांत मनाने जेवले. त्यांच्या पुढ्यातलं मशीन पुरं झालं होतं. बाकी गावोगावच्या घरांतली मशीनं त्यांच्या पुढ्यात नव्हती.

वेबसाइटवर झुंबड उडाली. चार दिवसांत इतक्या भेटी झाल्या की जावयांनी ऑफिसातून फोन करून आकडा वाचून दाखवला, आणि पुढच्या तासाला पुन्हा फोन करून नवा आकडा वाचला. मुलगा झाल्याचं सांगतानाही जावयांचा आवाज इतका चढला नव्हता. फोन ठेवायला एक तीन पायांचा दांडा आला आणि काकूंना निवृत्ती मिळाली. लोकांनी खाली विचारलं, 'अंगठा आजारी आहे का?'

आणि पुढचं? वेबसाइटवर पुढचं काहीच नव्हतं. हसणारी बाई होती, तीन फोटो होते, पत्ता होता, आणि नंबरचा रकाना होता. "एकदम सगळं द्यायचं नसतं बाबा, उत्सुकता ताणायची," जावई म्हणाले. दोरा किती ताणला की तुटतो हे काकांना पक्कं माहीत होतं. माणसाचं त्यांना ठाऊक नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी एक बाई दुकानात आली. मशीनचं काळं डोकं तिने मूल घ्यावं तसं कमरेवर घेतलं होतं. ते तिने फळीवर आदळलं आणि पिशवीतून एक स्टीलचा डबा काढला.

"तेलकाका तुम्हीच ना?"

"हो."

"मग घ्या." तिने झाकण उघडलं. आत रिंग, शटल, दोन स्क्रू आणि एक वाटाणा होता. "तुम्ही म्हणालात उघडा, मी उघडलं. पुढचं कुठे आहे?"

"वेबसाइटवर..." काका सवयीने बोलून गेले.

"वेबसाइटवर तुमचे तीन फोटो आहेत. ते लावून मशीन चालतं का? चालत असेल तर समोरून लावू की बाजूने?"

काकांनी डब्यातला वाटाणा बाजूला काढला.

"एक टाका सुटत होता हो, एक! आता सुटायला टाकाच उरला नाही. अख्ख्या शाळेचे गणवेश घरात कापून पडलेत. बाह्या वेगळ्या, धड वेगळं. घरात पाय ठेवायला जागा नाही."

"बसा ना. तेल कधी—"

"तेलाचं नाव काढू नका!"

काकांनी मशीन बसवून दिलं. सुई वर ठेवायची आणि शटलचा अर्धचंद्र आतल्या अर्धचंद्राच्या समोर यायला हवा, एवढीच ती खरी मेख. पुरतं एक मिनिट लागत नाही. व्हिडिओत ते मिनिट बसलं असतं.

दुपारी दुसरा आला, त्याचे स्क्रू मोज्यात होते. संध्याकाळी दोघी आल्या, एकमेकींच्या मशीनचे भाग एकाच रुमालात घेऊन. मग लोक दूरदूरहून यायला लागले. कुणी शटल हातोडीने बसवायचा प्रयत्न केला होता, कुणी रिंग उलटी लावून पायट्यावर पाय दिला होता. आणि एकजण होता, त्याचं मशीन मुळात बिघडलेलंच नव्हतं. व्हिडिओ आवडला म्हणून उघडलं होतं. विशेष म्हणजे "मी हातसुद्धा लावला नाही" असं आता कुणीच म्हणत नव्हतं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा गिऱ्हाईक खरं बोलत होतं, आणि काकांना ते ऐकवत नव्हतं.

"बाबा, बघा!" जावई हर्षभराने म्हणाले. "गर्दी! पुढचा व्हिडिओ मोटारीवाल्या मशीनचा करू. ते उघडलं तर कुणालाच बसवता येणार नाही."

काकांनी त्यांच्याकडे असं बघितलं, जसं ते गंजलेल्या सुईकडे बघत. पण दादांच्या दिवसाला दोन दिवस उरले होते.

दादा ठरल्या दिवशी अकराच्या सुमाराला आले. त्या वेळी दुकानात आणि दुकानाबाहेर मिळून अकरा माणसं होती, प्रत्येकाच्या मांडीवर नाहीतर पायाशी एकेक मशीन. ती गणवेशवाली बाईही होती. घाईत घरातल्या दुसऱ्या मशीनलाही तिने हात घातला होता. स्क्रू मोज्यात आणणाराही परत आला होता. दादांनी रांग शेवटापासून सुरुवातीपर्यंत बघितली. त्यांच्या तीन मजली दुकानातसुद्धा त्या वेळी एवढे लोक नसावेत.

"मानलं तुला," दादा म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द काकांनी साठ वर्षांत ऐकला नव्हता. "कोपरा तुझा. मी शब्द काढणार नाही."

हा क्षण टिपायला मुद्दाम आलेल्या जावयांनी दांड्यावरचा फोन दादांकडे वळवला. झालं होतं. काकांनी फक्त मान हलवायची होती, एवढंच काम. काकांच्या हातात त्या वेळी कुणाचंतरी शटल होतं, हातोडीचे घाव बसलेलं, कड चेपलेली.

"दादा, ही गिऱ्हाइकं नाहीत," काका म्हणाले.

"मग कोण, पाहुणे?"

"यांची मशीनं मी मोडली."

जावई घाईने म्हणाले, "बाबांना म्हणायचंय की—"

"मला काय म्हणायचंय ते मी म्हणतोय." काका पेटीवरून उठले. मशीन उघडं टाकून उठले, हे फक्त दादांसाठी चहा घेऊन आलेल्या काकूंच्या लक्षात आलं. "व्हिडिओ आपोआप संपला नव्हता. मी मुद्दाम अर्ध्यात थांबलो. लोकांनी यावं म्हणून."

"मुद्दाम?" गणवेशवाली बाई म्हणाली. "म्हणजे मी रात्रंदिवस रडले ते तुमच्या जाहिरातीसाठी?"

"हो."

"अहो, निदान नाही तरी म्हणा!"

मोजेवाला हसला, मग रागावला, मग नक्की काय करावं हे न कळून मोजा खिशात घातला. एकदोघं वाट्टेल ते बोलले. काकांनी ऐकून घेतलं. मग सगळ्यांना म्हणाले, "मशीनं पुढ्यात घ्या. सुई वर करा. कुणाच्याही मशीनला मी हात लावणार नाही. तुम्हीच बसवायचं." आणि त्या कोपऱ्यात, फुटपाथवर, अर्ध्या गल्लीत, अकरा चाकं एकदम फिरायला लागली. बोटं चुकत होती, स्क्रू पडत होते, एकमेकांचे शोधून दिले जात होते. तास दीड तास ते चाललं. उन्हाची तिरीप बरण्यांवरून उतरून जमिनीवर आली आणि बाहेर निघून गेली. एकेक माणूस शिवण मारून, ओढून बघून उठत गेला. शेवटी दुकानात दादा उरले, खुर्चीत.

"ही माणसं आता परत येणार नाहीत," दादा म्हणाले.

"नाहीत."

"तोंड बंद ठेवायला काय झालं होतं तुला?"

"मग दर तीन महिन्यांनी नवी मशीनं मोडावी लागली असती, दादा. दुकान चालवायला."

दादा खुर्चीतून उठले. त्यांना मनातून काय वाटलं ते कधी कळलं नाही, पण दादा बोलले की बोलले, आणि ते दुकानात माणसं दिसण्याबद्दल बोलले होते. आलेली गिऱ्हाइकं नव्हेत हे सांगून धाकट्याने मघाचा कोपरा स्वतःच परत केला होता, आणि आता दुकान रिकामं होतं. "सोमवारी माल येतो," एवढं म्हणून ते गेले.

जावयांनी त्याच दिवशी काकांकडून व्हिडिओचा उरलेला भाग करून घेतला आणि पहिल्या भागाखालीच टाकला. सासऱ्यांनी शेजारी उभं राहून टाकायला लावला. आठवड्यात वेबसाइटच्या भेटी चारवर आल्या. जावयांनी दोन दिवस सुतक पाळल्यासारखा चेहरा केला.

रविवारी दुकान हललं. बरण्या काकूंनी डोक्यावरून नेल्या, पट्टे काकांनी गळ्यात घातले. लोखंडी पायांचं जड टेबल जावई आणि गणवेशवाली बाई यांनी उचललं. ती आपल्या मशीनला तेल कितीदा घालायचं हे विचारायला आली होती आणि सापडली होती. टेबल घराच्या दारातून आत आलं आणि पुढच्या खोलीत सोफ्याला अडलं. तिरकं केलं, उभं केलं, तरी जाईना. सोफा खिडकीखाली होता, आणि उजेड तिथेच होता.

"सोफा बाहेर काढा," काकू म्हणाल्या.

जावई थबकले. "आई, मग मी आलो की बसू कुठे?"

"तुम्हाला बसायला वेळ आहे कुठे? ती बाजू धरा. आणि वाकून धरा, नाहीतर कंबर जाईल, ती यांना दुरुस्त करता येत नाही."